बारव्हेलच्या गुहेतलं विरजण

"दही नाही? मग कढी कशाची करतेस? ताक कुठून आणतेस?"

"इडलीसुद्धा नाही, आई. धिरडी नाहीत, आंबोळ्या नाहीत. आंबवलेलं काहीच घरात करायचं नाही. पाव गावातल्या दुकानातून येतो, तोही पिशवीबंद."

"अगं बाई! सासुरवास म्हणतात तो हाच की काय?"

सासुरवास नव्हता हो, विज्ञान होतं. पण पिंपळगाव बसवंतच्या ओट्यावर बसून फोन लावणाऱ्या माझ्या आईला ते कसं पटावं? तिच्या मते ज्या घरात दही लागत नाही, त्या घराचं काहीतरी बिनसलेलं असतं. आता वाटतं, तिचं फारसं चुकत नव्हतं. पण ते पुढं येईलच.

आधी मी कोण ते सांगते. मी हेमांगी, विधात्यांची. आमची द्राक्षबाग, वडिलांचं सगळं आयुष्य घड मोजण्यात आणि आभाळाकडं बघण्यात गेलं. मी वाईन बनवण्याचं शास्त्र शिकले आणि दिंडोरीजवळच्या एका वायनरीत कामाला लागले. तिथं एतियेन नावाचा एक उंच, लाजाळू फ्रेंच मुलगा आला. शेनँ ब्लां नावाचं पांढरं द्राक्ष त्यांच्या लुआर नदीकाठी शेकडो वर्षं पिकतंय, आणि आमच्या नाशकातही ते छान रुजलंय. फ्रान्समध्ये उन्हाळे तापायला लागले होते. हे द्राक्ष उन्हात कसं वागतं, ते शिकायला तो आमच्याकडं आला. शिकला आणि जाताना मलाही घेऊन गेला.

त्यांच्या मळ्याचं नाव क्लो बारव्हेल. नदीकडं उतरणारी टेकडी, टेकडीवर वेली आणि टेकडीच्या पोटात गुहा. पाचशे वर्षांपूर्वी तिथून मऊ पांढरा दगड कापून नेला आणि त्याचे वाडे, चर्चेस बांधली. दगड गेला, पोकळी उरली. बारव्हेलच्या माणसांनी त्या पोकळीत वाईनची लाकडी पिंपं ठेवली, तेव्हापासून ती तिथंच आहेत. आत उन्हाळा नाही, हिवाळा नाही, कायम गारवा. भिंतींवर काळी, मखमली बुरशी इतकी जाड की बोट रुतावं. पिंपांमधून जी दारूची वाफ उडते, तिच्यावर ही बुरशी जगते. माझ्या सासूबाई, मादाम ओदिल, त्या बुरशीकडं आपण देवघराकडं बघतो तसं बघायच्या.

आणि त्याला कारण होतं. द्राक्षाचा रस आपोआप वाईन होत नाही. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव त्यातली साखर खातात, दारू आणि वायू सोडतात आणि जाता जाता शंभर तऱ्हेचे सुवास तयार करतात. आता एखाद्या मळ्याच्या वाईनची खास चव येते कुठून? कुणी म्हणे मातीतून, कुणी म्हणे उन्हातून. पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. मग दोन हजार छत्तीस साली एक यंत्र आलं. ते हवा ओढून घेतं, हवेतले अदृश्य जीव पकडतं, एकेकाचा डीएनए वाचतं आणि कोणत्या घराण्याचे किती जण आहेत याची पडद्यावर रेघ काढतं. सगळे त्याला नाकच म्हणायला लागले. या नाकानं शोधून काढलं की प्रत्येक जुन्या गुहेत यीस्टचं स्वतःचं घराणं असतं. ते त्या काळ्या बुरशीत मुक्काम ठोकून राहतं आणि जगात दुसरीकडं कुठंही सापडत नाही. बारव्हेलचा रस शेजाऱ्याच्या गुहेत ठेवला, तर शेजाऱ्याची वाईन होते.

लगेच कायदा झाला. नाकानं ग्वाही दिली की वाईन त्याच गुहेच्या यीस्टनं आंबली आहे, तरच बाटलीवर मळ्याचं नाव छापायचं. झालं! अख्खा फ्रान्स गुहांची दारं लावून बसला. पाहुणे बंद, शाळेच्या सहली बंद. आत जाताना तोंडाला फडकं, पायात पिशव्या. ओदिलबाई तर चार पावलं पुढं. सुनेच्या दह्यातले, इडलीतले जीव तिच्या कपड्यांवरून गुहेत शिरले तर? म्हणून ती बंदी. मी मुकाट्यानं मान्य केली, कारण शास्त्र मलाही कळत होतं. नऊ वर्षं मी विकतचं दही चमच्यानं गावाबाहेरच्या बाकावर बसून खाल्लं. हसू नका, खरंच खाल्लं.

तरीही दर वर्षी नाकाची रेघ थोडी थोडी खाली येत होती. दारं लावल्यापासून घराणं वाढत नव्हतं, म्हातारं होत होतं. त्यात बारव्हेलचं नाव ज्या वाईनवर चालतं, ती गोड वाईन. द्राक्षं वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवायची आणि ऑक्टोबरच्या शेवटी वेचून काढायची. ऊन वाढलं तशी त्या रसात साखर इतकी झाली की बिचारं यीस्ट मध्येच दमायचं. सलग दोन वर्षं पिंपं अर्ध्यात गप्प झाली आणि तो माल बिननावाचा विकावा लागला.

पिंपं गप्प होणं म्हणजे काय, तेही सांगते. रस आंबायला लागला की पिंपातून बारीक सळसळ ऐकू येते. बारव्हेलची रीत अशी की शेवटची वेचणी झाली की घरातल्या प्रत्येकानं पिंपाला कान लावायचा. पिंप बोललं, की मगच सुगीचं जेवण. पाहुण्याला कान लावू देत नाहीत. लग्नानंतर पाच वर्षांनी मला लावू दिला, यावरून काय ते समजा.

"यंदा पिंपं बोलली नाहीत," ओदिलबाई त्या वर्षी म्हणाल्या, "तर मी छापील यीस्टला सही देईन. आणि मग किल्ली कुणाकडंही जाऊ दे."

छापील यीस्ट म्हणजे नाकाच्या जुन्या नोंदीवरून प्रयोगशाळेत डीएनए जुळवून बनवलेलं. कायद्याला चालतं, फक्त बाटलीवर 'छापील' असा शब्द टाकावा लागतो. ओदिलबाई ऐंशीच्या. गुहेची किल्ली माझ्या हाती देण्याआधीची ही त्यांची शेवटची सुगी. त्या शब्दाखाली आपलं नाव जाणार, या विचारानंच त्यांचं जेवण कमी झालं होतं. माझाही जीव टांगणीला लागला होता, कारण त्या किल्लीची वाट मी नऊ वर्षं बघत होते.

अशा वेळी आई आली. दसरा झाल्यावर, पहिल्यांदाच, दिवाळी लेकीकडं करायला.

दोघी विहिणी पहिल्यांदा समोरासमोर आल्या. आईनं वाकून नमस्कार केला, ओदिलबाईंनी गालाला गाल लावायला मान पुढं केली आणि दोघींचं कपाळ एकमेकींवर आपटलं. गळ्यात अडकवलेलं भाषांतरयंत्र म्हणालं, "आपटल्याबद्दल दिलगीर आहे." एतियेनला हसू आवरेना. मला वाटलं, चला, बरं चाललंय.

मग आईनं बॅग उघडली. चिवडा, शेव, मेतकूट आणि तळाशी स्टीलचा एक जड डबा.

"अनारशाचं पीठ," ती म्हणाली. "तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं. सावलीत सुकवले, कुटले, गूळ घातला. मुरत ठेवलंय. नरकचतुर्दशीला तळू."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, हे आंबतं! घरात नाही ठेवायचं हे! सांगितलं होतं ना तुला?"

"बरं बाई," ती म्हणाली आणि डबा उचलून कुठंतरी गेली. मला वाटलं, टाकून दिलं. आईनं अनारशाचं पीठ टाकून दिलं असं मला वाटलं, म्हणजे मी किती थकले होते ते बघा.

शेवटच्या वेचणीच्या दिवशी आम्ही सगळे टेकडीवर होतो. दुपारी टोपल्या घेऊन उतरलो, तर गुहेच्या दारात रांगोळी. चांगली ठिपक्यांची, मध्ये कमळ.

आत गेलो. सगळी जुनी भिंत पांढरीशुभ्र. पदर खोचलेली आई हातात नळी घेऊन उभी. पिंपं धुवायचं वाफेचं यंत्र तिनं सुरू केलं होतं. बागेत उभा जन्म फवारणी केलेली बाई, तिला असलं यंत्र काय अवघड! किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला असायची, ती तिनं काढून घेतली होती.

"बघ गं, कशी लख्ख झाली! किती वर्षांची काजळी होती कोण जाणे. विहीणबाईंचं वय झालं, त्यांना कुठून झेपणार? म्हटलं, दिवाळीच्या आत आपणच हात फिरवावा."

ओदिलबाई एका पालथ्या टोपलीवर बसल्या. थोड्या वेळानं उठल्या, किल्ली आईच्या हातातून घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली. नाकाच्या पडद्यावर रेघ तळाला जाऊन सपाट झाली होती.

मी आईवर काय काय बोलले, ते सगळं सांगत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "नऊ वर्षं मी जिभेला कुलूप लावून बसले, आणि तू एका दुपारीत पुसून टाकलंस!" असंही म्हणाले.

आई आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरले, आणि मग ती चिडली. "दही लावू नको म्हणालीस, नाही लावलं. इडली नको म्हणालीस, नाही केली. भिंत पुसू नको असं कुणी कुणाला सांगतं का गं, हेमे? आणि इतकं जपायचं होतं, तर किल्ली खिळ्याला का?"

तिला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

रस पिंपांत भरला. रोज सकाळी आम्ही कान लावत होतो. मी, एतियेन, ओदिलबाई. काही नाही. भिंतीला कान लावावा तसं. एतियेननं प्रयोगशाळेला फोन केला आणि छापील यीस्टची व्यवस्था ठरवून टाकली. फक्त ओदिलबाईंची सही बाकी होती. सुगीचं जेवण झालं नाही. आई खोलीतून बाहेर येईना, तिनं परतीचं तिकीट अलीकडं आणलं.

"जाते मी," ती म्हणाली. "पण सणाचं घरात काही तळलं नाही, असं होऊ नये. तेवढं करते आणि जाते."

मी मान हलवली. आता घरात काय आंबलं नि काय नाही, कुणाला पडलं होतं? तिनं पलंगाखालून डबा काढला. तोच. मी बघत राहिले.

"हा कुठं होता इतके दिवस?"

"गुहेत. तू म्हणालीस घरात नाही ठेवायचं. मग गार जागा म्हणून तिथल्या कोनाड्यात ठेवला, वर फडकं बांधून. भिंत धुवायला घेतली तेव्हा बाहेर काढला, पाणी जाईल म्हणून."

तिनं पुरी थापली, खसखशीवर दाबली आणि तुपात सोडली. अनारसा हसला. हसला म्हणजे तुपात फुटून विरघळला, सुगरणीची नाचक्की. दुसरा टाकला, तोही हसला. तिसराही.

"असं कसं झालं?" आई कपाळावर हात मारून म्हणाली. "माझे अनारसे? पीठ फारच आंबलंय गं. ओलसर झालंय, वर आलंय. आणि वास बघ कसला येतोय."

मी डब्यात नाक घातलं. पिकलेला पेरू, मध आणि ओला दगड. हा वास मी नऊ वर्षं ओळखत होते. तो बारव्हेलच्या गुहेचा वास होता.

मी एतियेनला इतक्या जोरात हाक मारली की तो पायात एकच बूट घालून धावत आला. हातातलं छोटं नाक आम्ही डब्यावर धरलं. पडद्यावर रेघ उठली, आणि उठतच गेली. बारव्हेलचंच घराणं. गुहेच्या दमट हवेत फडक्यातून ते डब्यात शिरलं होतं आणि इतके दिवस गुळावर पोसलं होतं. गुळात साखर रसाहून दाट. तिच्यात जे तगले ते धडधाकट निघाले. भिंतीवरचे जीव दमून गेले होते, आणि डब्यातली पोरं उड्या मारत होती.

"पण हे घालायचं?" एतियेन हळूच म्हणाला. "तांदूळ? गूळ? ममॉंला काय वाटेल?"

वाटायचं ते वाटो. मी डबा उचलला आणि तशीच ओदिलबाईंच्या खोलीत गेले. आई मागोमाग आली, हातात झारा तसाच.

ओदिलबाई खिडकीशी बसल्या होत्या, समोर सहीचा कागद. मी सगळं सांगितलं. त्यांनी छोटं नाक स्वतःच्या हातानं डब्यावर धरलं, रेघ बघितली, पुन्हा धरलं.

आईला राहवेना. "विहीणबाई, आमच्याकडं विरजण बिघडलं की शेजारणीकडून वाटीभर आणतात. आपलंच विरजण तिच्याकडं गेलेलं असतं मागं कधीतरी. त्यात लाज कसली?"

भाषांतरयंत्र काहीतरी बोललं. विरजणाचं त्यानं काय केलं देव जाणे, पण ओदिलबाईंनी मान वर केली.

"माझ्या पणजीच्या वेळी," त्या सावकाश बोलू लागल्या, "एक कीड आली आणि सगळ्या फ्रान्सच्या वेलींची मुळं खाऊन टाकली. पणजीनं अमेरिकेतून रानवेलींची मुळं आणवली आणि त्यांच्यावर आमच्या फांद्या बांधल्या. गावानं तिला वेड्यात काढलं. परक्या मुळांवर बारव्हेल? चर्चमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. आज या टेकडीवर एकही वेल अशी नाही, जी त्या मुळांवर उभी नाही."

"आमच्याकडंही तसंच," आई लगेच म्हणाली. "खुंट बाहेरचा, डोळा आपला. घड तर आपलाच लागतो!"

या वेळी यंत्राला ते बरोबर जमलं असावं. ओदिलबाई हसल्या. सही केलीच नाही. कागद त्यांनी खिडकीत ठेवलेल्या कुंडीखाली सरकवून दिला.

मग आम्ही कामाला लागलो. डब्यातलं मूठभर पीठ कोमट रसात कालवलं, गाळलं. ते फसफसलं तसा आणखी रस घातला, मग आणखी. दही लावायचं तसंच, फक्त भांडी मोठी होत गेली. आईनं तिकीट पुन्हा पुढं ढकललं आणि त्या भांड्यांवर बसून राहिली. "ऊब गेली," "आता हलवू नका," असं ती मराठीत सांगायची आणि ओदिलबाई फ्रेंचमध्ये मान डोलवायच्या. यंत्र दोघींनी काढून ठेवलं होतं, एकदा ते आईला 'आदरणीय फवारणी' म्हणालं तेव्हापासून.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सगळ्या पिंपांत विरजण घातलं. भाऊबीज झाली. मग एका सकाळी ओदिलबाई पहिल्या पिंपाशी गेल्या, डोकं टेकलं, डोळे मिटले.

त्यांनी बोलावलं, पण मला नाही. आईला.

आई दारातच थांबली होती. पाहुण्याला कान लावू देत नाहीत, हे मीच तिला भांडताना सुनावलं होतं. ओदिलबाई जाऊन तिला हाताला धरून घेऊन आल्या आणि तिचं डोकं हळूच लाकडावर टेकवलं.

आई ऐकत राहिली. मग एकदम सरळ झाली आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"बोलतंय गं, हेमे," ती म्हणाली. "केवढं बोलतंय."

त्या दुपारी जेवण झालं. हसलेल्या अनारशांचा चुरा आईनं वाटीत घातला, वर ओदिलबाईंनी जुन्या, चांगल्या सुगीची गोड वाईन ओतली आणि दोघींनी तो चमच्यानं खाल्ला. मीही खाल्ला. बरं लागलं, अगदी खरं सांगायचं तर फारच बरं लागलं.

त्या वर्षीची पिंपं अर्ध्यात थांबली नाहीत. हिवाळाभर बोलत राहिली. नाकानं ग्वाही दिली आणि बाटलीवर बारव्हेलचं नाव आलं, 'छापील'शिवाय. तपासनिसानं एवढंच विचारलं की रेघ इतकी कशी वाढली. ओदिलबाई म्हणाल्या, घरात पाहुणे आले होते.

आईला विमानतळावर सोडायच्या सकाळी बॅगा दारात होत्या. ओदिलबाईंनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. मला वाटलं, आता माझ्या हातात देतील. नऊ वर्षं वाट बघितलेली. मी हातही थोडा पुढं केला.

त्यांनी ती नेऊन दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"आता ही इथंच राहील," त्या मला म्हणाल्या. "ज्याला हवी तो घेईल. जपणारी तूच आहेस."

मग आईकडं वळून, बोट उंचावून, पाठ केलेलं एकच मराठी वाक्य त्या बोलल्या. एतियेननं आदल्या दिवशी शिकवलं असणार.

"डबा आणा. वाफ नको."

"आणते हो, विहीणबाई," आई म्हणाली. "आणि भिंत काळी झाली तरी मी एक शब्द बोलणार नाही."

गाडी वळली तसं तिनं माझा हात घट्ट धरला. मग पदराच्या गाठीतून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. विरजणात बुडवून कडकडीत वाळवलेलं फडकं होतं. येतानाच आणलेलं.

"कोमट दुधात टाक," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत लागेल."

घरी आल्यावर मी दूध तापवलं. ओदिलबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि दही लागेपर्यंत उठल्या नाहीत.